एकोणीस कोऱ्या पट्ट्या

ग्रंथालयाला मी पाठवलेल्या पहिल्या पत्राची प्रत अजून माझ्यापाशी आहे. तिचे इंग्रजी सुबक आहे, व्याकरण निर्दोष आहे, आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत ते पत्र चुकीचे आहे.

प्रकरण एका पानाचे होते. समुद्रापलीकडच्या एका जुन्या ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांची सूची इंटरनेटवर मांडली होती. तीत सातशे बाराव्या क्रमांकाला एकच सुटे पान होते. नोंद अशी: ‘खानदेशातून, १८२१च्या सुमारास, एका लष्करी अधिकाऱ्याच्या सामानाबरोबर आलेले. लिपी मोडी. भाषा भ्रष्ट गुजराती. विषय बहुधा मंत्रतंत्र. रचनाकार अज्ञात.’ खाली टीप होती. सूची आता ग्रंथरूपाने छापली जाणार आहे. जाणकारांनी दुरुस्त्या १० डिसेंबर १९९९ रोजी दुपारी बारापर्यंत कळवाव्यात. त्यांचे बारा म्हणजे आपले साडेपाच.

छापील सूचीतली चूक किती जगते, हे ज्याने सूच्यांमध्ये आयुष्य घालवले आहे त्याला सांगावे लागत नाही. सूचीकार मरतो, त्याचा टीकाकार मरतो, चूक मात्र पुढच्या सूचीत सुखाने नांदायला जाते. मी जळगावच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे भाषा शिकवली आणि सुट्टीच्या दिवसांत धरणगावापासून पाचोऱ्यापर्यंत बायकांची गाणी उतरवून घेतली. त्या एकतीस वर्षांत आमच्या बोलीला मी भ्रष्ट मराठी, भ्रष्ट गुजराती, भ्रष्ट हिंदी अशी तिन्ही विशेषणे ऐकली. धाकट्या बहिणीला बिघडलेली थोरली बहीण म्हणण्याचे हे शास्त्र कोणी, कोणत्या विद्यापीठात स्थापन केले, याचा शोध मात्र कोणी घेतला नाही. १८२१च्या आधी खानदेशीत लिहिलेला एक कागद सापडला असता तर त्या शास्त्राचे तोंड बंद झाले असते. तो कागद आता सापडला होता, आणि तो मला दिसत नव्हता.

म्हणजे असे. पान उघडले की ग्रंथालयाचे बोधचिन्ह दिसे, शीर्षक दिसे, ती अपमानास्पद नोंद तर अक्षर न् अक्षर दिसे. तिच्याखाली लिहिलेले होते की, संथ जोडणीवरूनही मजकूर पाहता यावा म्हणून पानाचे छायाचित्र ओळीओळीने कापून एकोणीस पट्ट्यांत दिले आहे. आणि त्याखाली एकोणीस पट्ट्यांची जागा कोरी. पांढऱ्यावर पांढरे.

अकरा दिवसांत मी ते पान किती वेळा उघडले असेल, सांगता येणार नाही. ते पुढे एका यंत्राने मला मोजून सांगितले. सातव्या दिवशी माझी खात्री पटली की हा खोडसाळपणा आहे. नोंद जगाला दाखवायची, पुरावा झाकून ठेवायचा, आणि मुदत संपली की म्हणायचे, जाणकारांकडून काही आले नाही. तेव्हा मी ते पत्र लिहिले. त्यात लुटीचा इतिहास होता आणि लुटलेल्या वस्तूला चुकीची चिठ्ठी डकवण्याच्या संस्कृतीविषयी दोन परिच्छेद होते. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. चार ओळींचे आणि विनयशील. ‘आमच्याकडे सर्व पट्ट्या दिसत आहेत. आपल्या संगणकावरील एखादी सुरक्षा-प्रणाली चित्रे अडवत नाही ना, हे कृपया तपासून पाहावे.’

हा मला दुसरा अपमान वाटला. आमचे पान नेले, आता आमचा डबाही सदोष!

१० डिसेंबरला, शुक्रवारी, सकाळी साडेअकराला धुळ्याहून अभिमनचा फोन आला. अभिमन माझा जुना विद्यार्थी, आता तिथल्या महाविद्यालयात अधिव्याख्याता. मी त्याला आदल्या आठवड्यात तो पत्ता लिहून पाठवला होता.

“सर, पाहिलं मी. आता समोरच आहे.”

“काय दिसतं?”

“सगळंच दिसतंय. एकोणीस ओळी आहेत. काळी शाई, वळणदार अक्षर.”

मी खुर्चीत बसलो. “वाच.”

“सर, मोडी आहे.” तो ओशाळला. “तुम्ही शिकवत होता तेव्हा मी क्रिकेटच्या संघात होतो.”

“त्या संघाने काय जिंकलं, अभिमन?”

“काही नाही, सर. छापून पाठवू का? उद्या सकाळच्या बसला ड्रायव्हरकडे देतो.”

“उद्या त्याचा मी पतंग करीन,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. 

धुळ्यात दिसते आणि जळगावात दिसत नाही. म्हणजे झाकणारा हात समुद्रापलीकडचा नव्हता.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला अक्का पलंगावर मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. माझी थोरली बहीण, भिकुबाई. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती गावाहून आली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यातून धुरकट दिसे. पण शेंगेला डोळे लागत नाहीत. अंगठ्याने दाबायची, दाणे परातीत, टरफल सुपात.

“काय रे पितांबर, तुना डबामा काही दिसनं का?”

“नाही, अक्का.”

“मना डोयावर पट्टी, तुना डबावरबी पट्टी,” ती म्हणाली. “मनी ते सोमवारले सुटी. तुनी कव्हय सुटी?”

मी रतिलालला बोलावणे धाडले.

रतिलालचे दुकान पिंप्राळ्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पुढे. वय पंचेचाळीस. वीस वर्षे त्याने रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि गेली तीन वर्षे संगणक. त्याने कुठलाही अभ्यासक्रम केला नव्हता, आणि म्हणून की काय, त्याच्या बोलण्यात एकही अनावश्यक शब्द नसे. माझा संगणक त्यानेच जोडून दिला होता. त्या वर्षीच्या एप्रिलात एका विषाणूने देशभरचे संगणक एका दिवसात मातीमोल केले, तेव्हा एका मासिकाबरोबर मिळालेल्या तबकडीवरून त्यानेच माझ्या यंत्रावर एक सुरक्षेचे सॉफ्टवेअर चढवले होते. तबकडीच्या वेष्टनावर भाला घेतलेला शिपाई होता. मी त्याला पहारेकरी म्हणत असे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्याची छोटी ढाल दिसली की मला बरे वाटे, हेही कबूल केले पाहिजे.

रतिलाल दुपारी अडीचला आला. मी त्याला ग्रंथालयाचा इतिहास सांगू लागलो. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “सर, काय काय दिसतं आणि काय काय दिसत नाही, तेवढंच सांगा.”

मी सांगितले.

“म्हणजे अक्षरं येतात. वरचं चिन्ह येतं, तेही चित्रच आहे. लांबट चित्रं तेवढी येत नाहीत.”

“लांबट?” मी म्हणालो. हा शब्द अकरा दिवसांत माझ्या मनात आला नव्हता.

“पाहू. एक एक काढायचं, चालू करायचं, बघायचं. रेडिओलाही हेच.”

त्याने फोनची तार उपटून पुन्हा लावली. मोडेम किंचाळला, घरघरला, लागला. पट्ट्या कोऱ्या. त्याने ब्राउझरची साठवण पुसली. कोऱ्या. चित्रे दाखवण्याची खूण आहे ना, हे पाहिले, होती. दुसरे एक संकेतस्थळ उघडले, वर्तमानपत्राचे. तिथे फोटो आले, पण डोक्यावरची जाहिरातीची जागा मोकळी होती. तिथे रतिलाल थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. कोपऱ्यातल्या ढालीवर बोट ठेवून म्हणाला, “याला जरा झोपवू.”

“हा तर विषाणूंसाठी आहे ना?”

“विषाणूचं काम एक आहे. बाकीची कामं याने आपली आपण अंगावर घेतली असतील, तर बघायला पाहिजे.”

ढाल करडी झाली. त्याने पान पुन्हा मागवले.

बोधचिन्ह आले. शीर्षक आले. नोंद आली. आणि मग पहिल्या पट्टीच्या जागी, डावीकडे, कागदाचा तांबूस रंग उमटला.

मला वाटते मी उभा राहिलो. रेघ न् रेघ करून ती पट्टी वरून खाली उतरत होती. आधी शिरोरेषा, मग तिला टांगलेली अक्षरे, अर्धवट, मग पूर्ण. एकशे अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी या मुलखातून गेलेला कागद फोनच्या तारेवरून पिंप्राळ्यात परत येत होता, आणि त्याला कोणी आणायला गेले नव्हते.

रतिलालने ढाल पुन्हा चालू केली. पान पुन्हा मागवले. पट्टी नाहीशी झाली.

“अरे!” मी ओरडलो.

“थांबा, सर. बंद केल्यावर चालतं म्हणजे दोष सापडला असं नाही. कोणता घटक, ते कळलं पाहिजे. नाहीतर उद्या तुम्ही याला कायमचं बंद ठेवाल, आणि एप्रिलात मला शिव्या द्याल.”

त्याने पहारेकऱ्याच्या पोटातली रोजनिशी उघडली. तशी काही रोजनिशी असते हे मला ठाऊक नव्हते. बारीक अक्षरांत तारीख, वेळ, आणि कृत्य. मी चष्मा सावरून वाचत गेलो. ‘चित्र. जाहिरात. अडवले.’ एकोणीस वेळा. खाली पुन्हा एकोणीस. पुन्हा एकोणीस. पहिल्या दिवशी सकाळी सहा वेळा, दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. माझ्या अकरा दिवसांच्या संतापाचा प्रत्येक क्षण या मुनिमाने निर्विकारपणे नोंदवून ठेवला होता. एकूण त्र्याऐंशी भेटी. प्रत्येक नोंदीपुढे कारण दिलेले होते: रुंदी इतकी, उंची इतकी.

“जाहिरातीच्या पट्ट्या ठरलेल्या मापाच्या असतात,” रतिलाल म्हणाला. “लांब आणि अरुंद. याला वाचता येत नाही. याला फक्त माप कळतं. त्या लोकांनी पान कापलं ते नेमकं त्याच मापात कापलं. म्हणून यानं तुमची मागणीच बाहेर जाऊ दिली नाही. त्यांना कळलंसुद्धा नसेल तुम्ही काय मागितलं ते.”

मी त्या रोजनिशीकडे पाहत राहिलो. मी राग करायला सज्ज होतो, पण राग कोणाचा करावा? याने काही लपवले नव्हते. विचारले असते तर पहिल्याच दिवशी सांगितले असते. त्र्याऐंशी वेळा मी समुद्रापलीकडे बोट दाखवले, आणि त्र्याऐंशी वेळा माझ्याच उंबऱ्यावरच्या शिपायाने मला माझ्याच घरातून बाहेर पडू दिले नव्हते. आणि तेही माझ्या रक्षणार्थ.

रतिलालने एका चौकटीत ग्रंथालयाचा पत्ता लिहिला आणि त्यापुढे सूट दिल्याची खूण केली. “आता हा जागा राहील, पण या दाराला हात लावणार नाही. मागवा.”

सव्वातीन वाजले होते.

त्या दिवशी तार खराब होती. एकेक पट्टी उतरायला दोन मिनिटे, कधी तीन. मी वही पुढे ओढली. मोडीचे लेखणी न उचलता लिहिलेले अक्षर सोडवायला वेळ लागतो, म्हणून मी सवयीप्रमाणे मोठ्याने वाचू लागलो.

“का... न... कानबाई. कानबाई ऊनी वं माय, तापीना थडीले.”

हा मंत्र नव्हता, तंत्र नव्हते. हे कानबाईचे गाणे होते. श्रावणात नारळाला डोळे लावून, नथ घालून, आमच्या घरांत जिला माहेरवाशिणीसारखे बसवतात त्या कानबाईचे. ती तापीच्या काठाला आली. १८२१च्या आधीच कधीतरी आली होती.

मागून शेंगा फुटण्याचा आवाज बंद झाला.

“पाय तिना भरनात,” अक्का म्हणाली, “गारा लागना साडीले.”

मी पडद्याकडे पाहिले. दुसरी पट्टी अजून निम्मीच उतरली होती. मी वाट पाहिली. शिरोरेषा, मग अक्षरांचे खांदे, मग पाय. ‘पाय तिना भरनात. गारा लागना साडीले.’ तिचे पाय माखले, साडीला चिखल लागला.

रतिलालला मोडी येत नव्हती. पण त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तो हलक्या पावलांनी मागे सरकून भिंतीला टेकून उभा राहिला.

“अक्का,” मी म्हणालो, “पुढे?”

“पुढे काय? कोनी धोयात पाय वं माय, कोनी दिधं पानी. धाकली आंडेर घरनी, तिनीच तिले आनी. तुले येस ना. तूच ते लिखी लिधं व्हतं.”

होय, घरच्या धाकट्या लेकीने कानबाईला आणल्याचे हे गाणे मीच लिहून घेतले होते. सदुसष्ट साली, गावच्या ओसरीवर, हिच्याच तोंडून. चौऱ्याहत्तरच्या माझ्या संग्रहात ते बेचाळिसावे गाणे आहे, पंधरा ओळींचे. तळटिपांत मी त्याच्या छंदाचीही चर्चा केली आहे.

तिसरी पट्टी आली, चौथी आली. मी वाचायचे सोडून दिले होते. ती म्हणत होती आणि मी पडताळत होतो. एक शब्द दोनदा आला होता, एके ठिकाणी ‘गारा’ऐवजी ‘चिखूल’ होते, सातव्या ओळीत लेखकाने काहीतरी खोडून पुन्हा लिहिले होते. बाकी जसेच्या तसे. जिला अक्षरओळख नाही, जिचा एक डोळा बांधलेला आहे, ती पलंगावर बसून माझ्यापेक्षा आणि त्या तारेपेक्षाही पुढे वाचत होती. समुद्राखालून यायचे ते अजून वाटेत असताना ते या खोलीत होतेच. एरवी मी वाक्य सुचल्यावाचून राहत नाही. त्या पाऊण तासात मला एकही सुचले नाही.

पंधरावी पट्टी आली आणि गाणे संपले. मी पेन खाली ठेवले. मग माझ्या ध्यानात आले की खाली चार पट्ट्यांची जागा अजून रिकामी आहे.

“हे काय?” मी स्वतःशीच म्हणालो. “गाणं तर पंधरा ओळींचं.”

“तुना पुस्तकमा पंधरा,” अक्का म्हणाली. “आते नावं येतीन.”

“कसली नावं?”

तिने माझ्याकडे तोंड वळवले. डोळ्यावरची हिरवी पट्टी आणि तिच्याखाली, मला नीट ओळखीचे, थोरल्या बहिणीचे हसू.

“इसरना का? गानं सरनं म्हंजे जिनी शिकाडं तिनं नाव लेवानं. मी म्हनी ऱ्हायनती, आनि तू तव्हय मनावर डाफरना. ‘अक्का, हाई नावंसनं दयन नको. गानं सांग.’”

ते मला आठवले. पेन्सिल हातात होती, ओसरीवर ऊन होते, मी नुकताच पुण्याहून पदवी आणि पद्धती घेऊन आलो होतो. गाणे संपले तरी ही बाई थांबेना. हिने हिला दिले, तिने तिला दिले, अशी नुसती नावे. मी वही मिटली होती. प्रस्तावनेत त्यावर एक वाक्यही आहे, ते मला पाठ आहे: ‘गायिका गीतान्ती अनेकदा निरर्थक नामावळी जोडतात, ती काव्याबाहेरची असल्याने वगळली आहे.’ संग्रहात एकूण किती गाणी आहेत? दोनशे सोळा. त्यांतल्या किती नामावळ्या वगळल्या? त्याची रोजनिशी मी ठेवली नव्हती. शिपायाने निदान तेवढे तरी केले होते.

सोळावी पट्टी उतरली. मी ती मोठ्याने वाचली.

“गोजरले दिधं कौतिकनी.”

“गोजर?” अक्का ताठ बसली. परातीतले दाणे तिने हाताने बाजूला लोटले. “थांब, पितांबर. वाचू नको. माले वरतून म्हनू दे.”

तिने डावा डोळाही मिटला, आणि गाण्याच्याच चालीवर, मान किंचित हलवत, ती पायऱ्या उतरू लागली.

“भिकूले दिधं मंजुळानी, मंजुळाले यशोदानी. यशोदाले दिधं बेबानी, बेबाले तुळसानी. तुळसाले दिधं गोजरनी...”

मंजुळा आमची आत्या. तिला मी पाहिले आहे. यशोदा तिची चुलती. तिचे फक्त नाव ऐकले आहे. त्यापुढचे कोणी आमच्या घरात होऊन गेले याचा एकही कागद नाही. आमच्या भाटाच्या वहीत सोळा पिढ्या आहेत, सगळे पुरुष. मी त्यांच्यावरही एक लेख लिहिला आहे.

“...गोजरले दिधं कौतिकनी,” अक्का म्हणाली. “कौतिकले दिधं राहीनी. राहीले दिधं कानबाईनी.”

आणि तिने डोळा उघडला.

सतरावी पट्टी आली. ‘कौतिकले दिधं राहीनी.’

अठरावी यायला फार वेळ लागला. मध्ये तार तुटते की काय असे वाटले. रतिलालने मोडेमवर तळहात ठेवला, जणू आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा. मग ती उतरली.

‘राहीले दिधं कानबाईनी.’

बाहेर एक रिक्षा गेली. मला स्वच्छ दिसत होते काय झाले आहे ते, आणि तरी ते मनात मावत नव्हते. एकाच साखळीची दोन टोके. एक टोक १८२१ साली गोजर नावाच्या बाईपाशी तुटून कागदावर गेले, गाठोड्यात गेले, जहाजात गेले, सातशे बारा क्रमांक लावून घेतला. दुसरे टोक गोजरने तुळसाला दिले, तुळसाने बेबाला, आणि ते हातोहात, लेखणीवाचून, माझ्यासारख्या विद्वानाच्या तावडीतूनही सुटून, शेंगा फोडत इथे बसले होते. गोजरपाशी दोन्ही टोके पुन्हा जुळली होती.

एकोणिसावी पट्टी गाण्याची नव्हती. ती लेखकाने आपल्या भाषेत, त्या काळच्या कचेरीच्या मराठीत लिहिली होती. मी ती हळूहळू सोडवली.

‘येणेप्रमाणे गोजर इणे सांगितले तैसेच लिहिले. कमी केले नाही.’

कोणी होता हा? आमच्या गावचा कुळकर्णी असेल, गोऱ्या साहेबाने फर्मावले म्हणून ओसरीवर बसला असेल. पद्धतीचे शिक्षण त्याला नव्हते. समोरची बाई नावे म्हणत राहिली आणि तो लिहीत राहिला, एवढेच. मी तीन शब्दांवर बोट ठेवून बसलो. कमी केले नाही.

“सर,” रतिलाल हळूच म्हणाला, “चार वाजून दहा मिनिटं झाली.”

मग मी लिहिले. पहिल्या परिच्छेदात आधीचे पत्र बिनशर्त मागे घेतले आणि शिपायाची हकिगत सांगितली. रतिलालचे नाव घालून. दुसऱ्यात भाषा: खानदेशी, आणि भ्रष्ट नव्हे. तिसऱ्यात विषय: कानबाईचे गीत, एकोणीस ओळींचे लिप्यंतर, आजही जिवंत. चौथ्यात पुरावा. तिथे मी अक्काची साखळी पूर्ण लिहिली, पाच नावे पानाबाहेरची, तीन पानातली, आणि माझ्या संग्रहातले ते वाक्य उद्धृत करून ते चुकीचे असल्याचे नमूद केले. आयुष्यात प्रथमच मी स्वतःविरुद्ध तळटीप लिहीत होतो. ती आश्चर्यकारकरीत्या सुबक उतरली. पाच वाजून अठरा मिनिटांनी पत्र गेले. रतिलालने लगेच रोजनिशी उघडून पाहिली. “गेलं, सर. यानं अडवलं नाही.”

आम्ही उठलो नाही. अक्काने परात पुन्हा पुढे ओढली. रतिलालला तिने मूठभर दाणे दिले. तो ते एकेक करून खात पडद्याकडे पाहत बसला.

सहाला दहा मिनिटे असताना उत्तर आले. त्या विनयशील माणसाने बारा वाजल्यानंतरही आपले टेबल सोडले नव्हते. भाषेची नोंद बदलली होती. विषय बदलला होता. ‘कमी केले नाही’ या शब्दांचे भाषांतर त्याने नोंदीत घातले होते. आता एकच प्रश्न उरला आहे, त्याने लिहिले होते: ‘रचनाकार’ या रकान्यात ‘अज्ञात’ काढून काय घालावे? देवता धरून एकूण नऊ नावे होतात, आणि आमच्या सूचीच्या रकान्यात अक्षरांची मर्यादा असल्याने एक नाव बसत नाही. कोणते वगळावे, हे गायिकेलाच विचारून कळवावे.

मी ते अक्काला सांगितले. ऑफिसच्या मराठीत सुरुवात केली, आणि मध्येच, तिसेक वर्षांनी, माझ्या तोंडून आमची बोली आली.

“अक्का, नऊ नावं शेतस. आठच बसतस. एक काढनं पडी. कोनं काढू?”

तिने फार विचार केला नाही. अंगठ्याने शेंग दाबली.

“मनं खोड,” ती म्हणाली. “बाकीन्या गयात. मी ते आजून गाई ऱ्हायनी.”